वाळूतली वीज



आभाळात चमकते ती वीज आणि तारेतून घरात येते तीही वीज. मराठीनं दोघींना एकच नाव दिलं आहे. हिंदी-उर्दूतल्या 'बिजली'चंही तसंच. पण गावात, गल्लीत बोलताना आपण हे नाव दोघींना लावत नाही. आभाळातली वीज 'पडते' आणि तारेतली 'लाईट' येते नि जाते. लाईट गेली, लाईट आली, लाईटबिल भरलं का, असंच आपण म्हणतो. विजेचं नाव काढलं की माणूस आभाळाकडे बघतो. लाईटचं नाव काढलं की बटणाकडे बघतो. शब्दांशी माझा रोजचा व्यवहार आहे, म्हणून मला वाटतं, या दोन शब्दांनी आपल्या मनात दोन वेगळ्या वस्तू उभ्या केल्या आहेत. एक भयंकर आणि एक पाळीव. आभाळातली वीज आणि माणसानं यंत्रातून काढलेली वीज एकच आहे, हे बेंजामिन फ्रँकलिननं सुचवलेल्या प्रयोगातून १७५२ साली सिद्ध झालं. त्याला पावणेतीनशे वर्षं होत आली. आपल्या बोलण्यात मात्र ते अजून पुरतं उतरलेलं नाही.

आज या एकपणाचा एक साक्षीदार मला तुमच्यापुढे आणायचा आहे. तो साक्षीदार म्हणजे काच. वाळूची काच होते हे आपल्याला ठाऊक असतं, पण ती भट्टीत होते अशी आपली समजूत. विजेनंही वाळूची काच होते. आभाळातल्या विजेनं होते आणि तारेतल्या विजेनंही होते.

वीज वाळूवर पडली की काय होतं ते आधी पाहू. वाळूतला मुख्य भाग बहुतेक ठिकाणी गारेचा, म्हणजे सिलिकाचा असतो. सिलिका वितळायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. चुलीच्या जाळात ते शक्य नाही, लोहाराच्या भात्यालाही ते झेपत नाही. पण विजेची जी लखलखती रेघ आपण आभाळात पाहतो, तिच्यातली हवा क्षणभर ३०,००० अंशांच्या आसपास तापलेली असते. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,५०० अंश. म्हणजे त्याच्या पाचपट. तिच्यातून धावणारा प्रवाह साधारण ३०,००० अँपिअरचा. घरातला साठ वॅटचा जुना बल्ब पाव अँपिअरवर जळतो, यावरून अंदाज करा. ही वीज वाळूत शिरते, ओल शोधत खाली जाते आणि वाटेतली वाळू वितळवत जाते. वाळूतल्या ओलाव्याची वाफ होते, हवा फुगते, वितळलेला रस बाजूला रेटला जातो आणि मध्ये पोकळी राहते. हे सारं डोळ्याचं पातं लवायच्या आत. वीज गेली की भोवतालची गार वाळू त्या रसाला लगेच थिजवते. मागे राहते एक काचेची नळी. बाहेरून खरखरीत, कारण अर्धवट वितळलेले कण तिला चिकटलेले असतात. आतून मात्र गुळगुळीत आणि चकचकीत. झाडाच्या मुळीसारखी वाकडीतिकडी, फाटे फुटलेली. शास्त्रज्ञ तिला फुलगुराइट म्हणतात. लॅटिन भाषेत विजेला 'फुलगुर' म्हणतात, त्यावरून हे नाव आलं.

या नळ्या पाहणाऱ्यांत एक मोठं नाव चार्ल्स डार्विनचं आहे. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा तोच डार्विन. १८३३ साली, ऐन चोविशीत, बीगल जहाजाच्या सफरीत तो दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशात माल्दोनादो या गावी मुक्काम करून होता. गावापासून काही मैलांवर ला प्लाता नदीच्या मुखाजवळ वाळूच्या टेकड्या आहेत. तिथं त्याला या नळ्या वाळूत सरळ उभ्या शिरलेल्या सापडल्या. हातानं वाळू उकरत तो एका नळीच्या मागे दोन फूट खाली गेला. तिचेच म्हणावेत असे आजूबाजूचे तुकडे जोडून पाहिले, तर लांबी पाच फूट तीन इंच भरली. त्या मुलखात विजा फार पडतात, हेही त्यानं लिहून ठेवलं आहे. १७९३ सालच्या एका वादळात एकट्या ब्युनोस आयरेस शहरात ३७ ठिकाणी वीज पडली आणि १९ माणसं दगावली, अशी नोंद त्यानं दिली आहे. काचेची नळी आणि मेलेली माणसं यांचा हिशेब त्यानं एकाच ठिकाणी मांडला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग माणसाच्या मनात आलं, आपल्याला हे करता येईल का? डार्विनच्या काळातच पॅरिसमध्ये हा प्रयत्न झाला. त्याची हकीकत डार्विननंच आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे. पॅरिसमधली सर्वांत जोरदार बॅटरी आणली. तिचे झटके बारीक कुटलेल्या काचेच्या भुकटीतून सोडले. लक्षात घ्या, वाळूतून नव्हे, काचेच्या भुकटीतून. कारण काच सिलिकापेक्षा पुष्कळ लवकर वितळते. नळी तयार झाली. तिची लांबी एक इंचाला किंचित कमी आणि आतलं भोक जेमतेम अर्धा मिलिमीटर. भुकटीत मीठ मिसळलं तेव्हा नळ्या थोड्या मोठ्या झाल्या. शुद्ध गारेच्या भुकटीवर मात्र प्रयोग फसला. आणि त्याच सुमारास इंग्लंडात कंबरलँड परगण्याच्या किनाऱ्यावर विजेनं केलेली एक नळी वाळूत तीस फुटांपर्यंत माग काढता आली होती. पॅरिसची बॅटरी एका बाजूला ठेवा आणि ही तीस फूट नळी दुसऱ्या बाजूला. आभाळातल्या विजेचं वजन किती, याचं याहून चांगलं माप मला ठाऊक नाही.

पुढे माणसानं युक्ती बदलली. स्वतः एवढी वीज तयार करता येत नाही, तर आभाळातलीच बोलावून आणायची. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात कॅम्प ब्लँडिंग नावाची लष्करी जागा आहे. तिथं फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं हा प्रयोग केला. ढग भरून आले की एक छोटं रॉकेट वर सोडायचं. त्याच्या शेपटीला तांब्याची बारीक तार. तिचं दुसरं टोक जमिनीशी बांधलेलं. रॉकेट काहीशे मीटर वर गेलं की वीज त्या तारेच्या वाटेनं खाली येते. तारेची क्षणात वाफ होते, पण वाट ठरून जाते. वीज हवी त्या जागी पडते. पुरलेल्या केबलवर वीज पडली तर काय होतं, घराच्या छपरावर पडली तर काय होतं, हे अशा प्रयोगांतून कळलं. तिथंच १९९६ साली वाळूतून फुलगुराइट खणून काढला. त्याच्या दोन फांद्या होत्या आणि प्रत्येक सुमारे पाच मीटर लांब होती. ठिसूळ काच! हातानं आणि ब्रशनं, इंचाइंचानं वाळू बाजूला करत तो काढावा लागला.

१९९७च्या उन्हाळ्यात अ‍ॅलन मॅकॉलम नावाचा एक अमेरिकन कलावंत तिथं गेला. शास्त्रज्ञांच्या मदतीनं त्यानं भांड्यात भरलेल्या वाळूवर वीज उतरवली, फुलगुराइट तयार करून घेतला आणि मग त्या एका तुकड्याच्या दहा हजारांवर प्रतिकृती काढून त्यांचं प्रदर्शन मांडलं. एका क्षणात एकदाच घडलेली गोष्ट दहा हजार वेळा समोर ठेवायची, ही त्यातली गंमत.

ही काच नुसती शोभेची नाही. तिच्यात बुडबुडे असतात आणि त्या बुडबुड्यांत वीज पडली त्या घटकेची हवा कोंडलेली असते. इजिप्तच्या नैर्ऋत्य भागात, लिबियन वाळवंटात सापडलेला एक फुलगुराइट सुमारे १५,००० वर्षांपूर्वीचा निघाला. आज तिथं गवताची काडी दिसत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातल्या बुडबुड्यांतले वायू तपासले, तेव्हा कळलं की वीज पडली त्या वेळी त्या जमिनीत वनस्पतींचे अंश होते. म्हणजे तिथं पाऊस होता, झाडोरा होता. पंधरा हजार वर्षांपूर्वीची हिरवळ काचेनं जपून ठेवली होती.

आता थोडं घरचं सांगतो. आम्ही मणियार. बांगड्या भरणं हा आमचा पिढीजात धंदा. सीना नदीच्या काठचं गाव आणि भोवतालचे तीन आठवडी बाजार, एवढं आमचं राज्य. माझी आई बाजारात बसून बांगड्या भरायची. समोरच्या बाईचा हात हातात घेऊन, अंगठ्याचं मूळ दाबून ती बांगडी अशी चढवायची की बाईला कळायचं नाही. एखादी बांगडी तडकली तर 'फुटली' हा शब्द तिच्या तोंडून कधी यायचा नाही. 'वाढली' म्हणायची. सुवासिनीच्या हातातली काच फुटत नाही, वाढते. आमच्या दुकानात सर्व जातिधर्मांच्या बायका यायच्या आणि ही भाषा सगळ्यांची एकच होती.

त्यामुळे काच कशी होते हे मला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. भट्टीवाल्याची खुबी अशी की तो वाळूशी थेट कुस्ती खेळत नाही. तो तिच्यात सोडा मिसळतो. त्यामुळे ती पुष्कळ कमी आचेवर वितळते. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुनाही घालतो. पॅरिसच्या प्रयोगात मीठ घातल्यावर नळ्या मोठ्या झाल्या, त्यामागेही हेच तत्त्व. मग रस काढायचा, फुंकायचा, ओढायचा, आकार द्यायचा. आणि सगळ्यांत शेवटी ती काच सावकाश निववायची. घाईनं निववली तर तिच्या पोटात ताण राहतो आणि ती कारण नसताना एक दिवस तडकते. विजेच्या काचेला हे निववणं कुठलं मिळायला? म्हणून ती इतकी ठिसूळ.

महाराष्ट्राला या धंद्याचा एक मोठा वारसा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग काढायचा ध्यास घेतला. लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे इथं पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. सामान्य माणसाच्या एकेका पैशातून पेटलेली ती भट्टी होती. तिथं काचकाम शिकून तयार झालेली माणसं पुढे देशभरच्या कारखान्यांत गेली.

भट्टीचा जाळ सोडून विजेनं काच वितळवण्याची रीतही आता सर्वत्र आहे. त्यात काचेचा एक विलक्षण स्वभाव कामी येतो. गार काच वीज अडवते. तापून रस झालेली काच वीज वाहून नेते. म्हणून काही कारखान्यांत काच आधी दुसऱ्या आचेनं तापवतात आणि तिचा रस झाला की त्यात धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. पुढे ती काच स्वतःच्याच अंगातून जाणाऱ्या विजेनं तापत राहते.

याहून थेट प्रकार म्हणजे गारेच्या मुशी. अतिशुद्ध गारेची भुकटी फिरत्या साच्यात पसरतात आणि ग्रॅफाइटच्या कांड्यांमधून विजेची प्रचंड ठिणगी, म्हणजे आर्क पेटवतात. भुकटी वितळते आणि तिची मूस तयार होते. या मुशीत सिलिकॉनचा रस करून त्याचे स्फटिक वाढवतात. त्या स्फटिकांच्या चकत्यांवर मोबाइलच्या आणि संगणकाच्या चिप तयार होतात, सौरपॅनेलचे तुकडेही त्यांतूनच येतात. त्यासाठी लागणारी शुद्ध गार जगात मोजक्या ठिकाणी मिळते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं स्प्रूस पाइन हे त्यांतलं मुख्य गाव. सप्टेंबर २०२४मध्ये हेलीन चक्रीवादळाच्या पुरानं ते गाव झोडपलं, तेव्हा जगभरच्या चिप-कारखानदारांचं लक्ष त्या एवढ्याशा गावाकडे लागलं होतं. वाळूवर विजेचा झोत मारून काच करायची, हे पॅरिसला न जमलेलं काम आज माणूस रोज करतो आहे. त्यासाठी त्याला विजेला नेमक्या जागी धरून ठेवायला शिकावं लागलं.

धरून ठेवलेली वीज सुटली तर काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. १९९१ सालची गोष्ट. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन गावी आलो होतो. मे महिन्यात वळवाचं वादळ झालं. पाऊस चार थेंब आला, वारा मात्र असा की दोन खांब वाकले आणि अकरा हजार व्होल्टची तार नदीच्या कोरड्या पात्रात पडली. पात्रात शेरडं चरत होती. त्यांतली तीन तारेपासून बरीच लांब होती, तरी उभ्या जागी कोसळली. राखणारा पोरगा बारा-तेरा वर्षांचा. शेरडांकडे धावला. तेवढ्यात वरच्या काठावरून लाईनमन ओरडत आला, "थांब! पाऊल उचलू नगंस! लाईन चालू हाय!" पोरगा थांबला. लाईनमननं त्याला दोन्ही पाय जोडून, टाच न उचलता, बोटबोटभर मागे सरकत यायला लावलं. पंचवीसेक फूट मागे यायला त्याला किती वेळ लागला कुणास ठाऊक. आम्ही काठावर उभे होतो आणि कुणी बोलत नव्हतं.

मागाहून लाईन बंद झाली, तार उचलली. ती जिथं टेकली होती तिथली वाळू काळी पडली होती. लाईनमननं पहारीनं तिथून एक ढेकूळ उकरून काढलं. हिरवट काळं, बुडबुडे आलेलं, एका बाजूनं चकचकीत. आमच्या नदीची वाळू काळ्या दगडाची, तिच्यात लोह पुष्कळ, म्हणून रंग असा. ते माझ्या हातात देत तो म्हणाला, "तुम्ही मणियार न्हवं? बघा, आमच्या तारंनं पण काच केली."

मी त्याला विचारलं, तार पडल्यावर वीज आपोआप बंद का नाही झाली? त्यानं जे सांगितलं ते पुढे मी पुस्तकांतही वाचलं, पण त्याच्याइतकं सोपं कुणी सांगितलं नाही. सबस्टेशनमधलं यंत्र फार मोठा प्रवाह वाहू लागला तरच लाईन तोडतं. ओल्या जमिनीवर किंवा लोखंडावर तार पडली तर तसा प्रवाह वाहतो. कोरडी वाळू, कोरडी माती, खडी, डांबर यांच्यातून वीज सहज जात नाही. थोडीच जाते. सबस्टेशनला वाटतं, कुणी चार-सहा पंप चालू केले असतील. त्यामुळे लाईन चालूच राहते. तार आणि वाळू यांच्यात ठिणग्या उडत राहतात, वाळू वितळते, वितळलेली काच वीज वाहू लागते आणि ती वीज आणखी आत शिरते. म्हणजे तारेखाली काच तयार झाली याचा अर्थच असा की पडल्यानंतरही ती तार जिवंत होती. त्या लाईनमनचं शिक्षण किती होतं मला माहीत नाही. त्या दिवशी गावात त्याच्याएवढा शिकलेला माणूस दुसरा नव्हता.

अशी काच शास्त्रज्ञांनाही सापडली आहे. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या वाळूच्या टेकड्यांत, पडलेल्या वीजवाहिनीजवळ. तिच्यात वाळूचा रस आणि तारेचा धातू एकमेकांत मिसळले होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या काचेत एक क्वासिक्रिस्टल निघाला. साध्या स्फटिकात अणूंची रांगोळी तीच ती पुन्हा पुन्हा येते. क्वासिक्रिस्टलमध्ये रांगोळी नेमकी असते, पण ती तशीच्या तशी पुन्हा येत नाही. असा पदार्थ निसर्गात अत्यंत दुर्मीळ. तो नेब्रास्कात आभाळातल्या विजेनं झाला की तारेतल्या, हे अभ्यासकांनाही खात्रीनं सांगता आलं नाही. दोघींची करणी इतकी सारखी.

आता तीन शेरडं लांब असूनही का मेली, ते सांगतो. पुढचं सगळं यासाठीच सांगितलं. तळ्यात दगड टाकला की लाटांची वर्तुळं पसरतात. तसा जमिनीत शिरलेल्या विजेचा दाब जागेपासून बाहेर पसरतो आणि कमी कमी होत जातो. आपलं एक पाऊल जास्त दाबाच्या जागी आणि दुसरं कमी दाबाच्या जागी पडलं, की वीज एका पायानं वर चढते आणि दुसऱ्या पायानं उतरते. पावलांतलं अंतर जेवढं मोठं तेवढा झटका मोठा. जनावराचे पुढचे-मागचे पाय लांब असतात आणि वाटेत काळीज येतं. म्हणून गुरं आधी मरतात. धावणारा माणूस मोठी ढांग टाकतो, म्हणून धावणं सर्वांत वाईट. आभाळातली वीज झाडावर पडते तेव्हाही हेच होतं. झाडाखाली उभी असलेली बरीच माणसं थेट विजेनं मरत नाहीत, जमिनीतून आलेल्या विजेनं मरतात.

२०२२ साली आपल्या देशात वीज पडून २,८८७ माणसं दगावल्याची सरकारी नोंद आहे. तारेतल्या विजेचा झटका बसून मरणारे त्याच्या कितीतरी पट. आभाळातल्या विजेच्या बळींत शेतात काम करणारी माणसं फार असतात. आपल्याकडे मराठवाड्यात, विदर्भात एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात या बातम्या दरवर्षी येतात.

काही गोष्टी पदराशी बांधून ठेवा. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या झाडाखाली थांबू नका, पाण्यात राहू नका. उघड्या रानात सापडलात तर पाय जोडून उकिडवे बसा, आडवे होऊ नका. वीज अंगावर पडलेल्या माणसात वीज शिल्लक राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबून तो परत आणता येतो आणि त्यात मिनिटामिनिटाला महत्त्व असतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं 'दामिनी' नावाचं मोबाइल अ‍ॅप काढलं आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते सांगतं. घरात एकाच्या तरी मोबाइलवर ते असू द्या.

तार पडलेली दिसली तर ती जिवंतच आहे असं धरा. ठिणगी दिसत नसली तरी, गावात अंधार झाला असला तरी. निदान तीस-पस्तीस फूट लांब राहा आणि इतरांनाही रोखा. काठीनं, बांबूनं बाजूला सारायला जाऊ नका. अकरा हजार व्होल्टपुढे काठीचा काही उपयोग नाही. पलीकडे जनावर तडफडत असलं तरी जाऊ नका. हे सांगणं सोपं आहे आणि पाळणं अवघड, कारण शेतकऱ्याचा जीव जनावरात असतो. जवळ सापडलात तर दोन्ही पाय जोडून सरकत मागे या. आणि १९१२ या क्रमांकावर किंवा आपल्या लाईनमनला कळवा. त्याचा नंबर दारामागे खडूनं लिहून ठेवा.

मुलांना मात्र एवढं एक नक्की सांगा, की आभाळातली आणि तारेतली वीज एकच आहे. तिला लाईट म्हणायला हरकत नाही, पण लाइटली घेऊ नका. वाळूची काच करण्याची ताकद तिच्यात आहे. आपल्या अंगात तर वाळूचा टणकपणाही नाही.

यंदाचा पाऊस वेळेवर येवो, भरपूर येवो आणि कुणाच्या घरचं माणूस न नेता येवो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)